खाण्यावरून मन कुरतडतंय? पुण्यात आधी कुणाकडे जायचं: डाएटिशियन, समुपदेशक की डॉक्टर?

पुण्यात खाण्याचा त्रास सुरू झाला की माणूस आधी जिम गाठतो, मग डाएटिशियन. मनाच्या डॉक्टरकडे पोचतो सगळ्यात शेवटी, तेही कुणी हाताला धरून नेलं तर. ज्यांचा त्रास खाण्याभोवतीच्या भीतीचा, लाजेचा, चोरून खाण्याचा आणि नंतर स्वतःला कोसण्याचा आहे, त्यांनी हा क्रम बदलावा असं मला कळकळीनं वाटतं.

आपल्याकडे हा त्रास लपवणं फार सोपं आहे. संकष्टी, एकादशी, गुरुवार, नवरात्र... उपास म्हटला की कुणी पुढे विचारत नाही, वर कौतुकच होतं. एमपीएससीसाठी सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलीचा डबा जसाच्या तसा परत जातो, तेव्हा पाहायला घरचं कुणी नसतं. मेसच्या काकू विचारतात, "काय गं, बरं नाही का?" ती म्हणते, "उपास आहे काकू." विषय तिथेच संपतो. रात्री रूममेट झोपल्यावर तीच मुलगी बिस्किटांचे पुडे संपवते आणि सकाळी भरपाई म्हणून पुन्हा उपाशी राहते. मुलांचंही असंच चालतं, फक्त जिमच्या भाषेत चरबी उतरवायला कमी खाण्याला 'कटिंग' आणि मनसोक्त खायच्या दिवसाला 'चीट डे' म्हणतात.

कुणाकडे जायचं हे ठरवण्याआधी शरीर धोक्यात नाही ना, ते बघा. चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड, पाळी बंद होणं, झपाट्यानं वजन उतरणं, खाल्लेलं वारंवार उलटून काढणं, यातलं काहीही असेल तर आधी एमडी फिजिशियनकडे जा. सततच्या उलट्यांनी रक्तातलं पोटॅशियम उतरतं आणि हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. वजन 'नॉर्मल' दिसतंय म्हणून रक्ततपासणी आणि ईसीजी टाळू नका. दुसरी बाजू घरच्यांसाठी: बरेच दिवस जवळजवळ काहीच न खाल्लेल्या माणसाला मायेपोटी एकदम भरपूर खाऊ घालणंही धोक्याचं असतं. त्यात रक्तातलं फॉस्फेट अचानक खाली येऊन जिवावर बेतू शकतं. अशा वेळी जेवण कसं वाढवायचं ते डॉक्टरांनीच ठरवायला हवं.

डाएटिशियन की समुपदेशक?

१९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात एक प्रयोग झाला. ३६ निरोगी तरुणांनी स्वखुशीनं सहा महिने अर्धपोटी राहणं पत्करलं. या धडधाकट माणसांच्या डोक्यात दिवसभर अन्नाशिवाय काही राहिना. पाककृतींची पुस्तकं चाळत बसणं, एकेक घास तासन्‌तास पुरवणं, चिडचिड, उदासी, माणसांपासून तुटणं हे सगळं त्यांच्यात दिसलं. पोटभर खायची मुभा मिळाल्यावर काहीजण थांबूच शकेनात. त्यांच्यात मुळात कसलाही मानसिक आजार नव्हता. उपासमारीनंच ही अवस्था आणली होती.

म्हणून ज्याला बकाबका खाण्याचे झटके येतात, त्याच्या हातात कमी खाण्याचा तक्ता देणं मला घातक वाटतं. तक्ता जितका कडक, तितका पुढचा झटका मोठा, आणि दोष मात्र 'तुझ्यात कंट्रोल नाही' म्हणून त्याच्याच माथी. डाएटिशियन नकोच असं नाही. ठरलेल्या वेळी तीन जेवणं आणि मधलं खाणं बसवून देणारी, वजनाचा विषय बाजूला ठेवणारी आणि तुमच्या मानसतज्ज्ञाशी बोलायला तयार असलेली मिळाली तर ती फार मोलाची. पण पहिल्याच भेटीत टार्गेट वजन, आधी-नंतरचे फोटो आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर आठवड्याचं वजन टाकायची सक्ती असेल, तर तिथून उठून या. भरलेल्या फीकडे बघू नका.

समुपदेशक, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, सायकिअॅट्रिस्ट

सायकिअॅट्रिस्ट हे एमबीबीएसनंतर मानसोपचारात शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात आणि या तिघांत औषधं तेच देऊ शकतात. खाऊन उलटून काढण्याच्या आजारात, म्हणजे बुलिमियात, फ्लुओक्सेटिन या गोळीचा उपयोग होतो. सोबत झोप उडाली असेल, उदासी उतरत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल तर आधी इथेच जायचं. मात्र गर्दीच्या ओपीडीत तुमच्या वाट्याला थोडीच मिनिटं येतात, बोलणं अर्ध्यावर राहतं.

बोलण्याचा उपचार क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे होतो. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका. 'समुपदेशक' या पाटीमागे मात्र काहीही असू शकतं. एमए करून वर्षानुवर्षं अनुभवी माणसाच्या हाताखाली शिकलेली व्यक्ती असेल, नाहीतर चार रविवारचा कोर्स केलेली. लग्न मोडलं, परीक्षेत अपयश आलं, घरातलं कुणी गेलं आणि त्या दुःखात जेवण तुटलं असेल, तर चांगला समुपदेशक पुरेसा होतो. पण खाण्याचंच चक्र महिनोन्‌महिने फिरत असेल तर त्या आजाराचं काम केलेलाच माणूस शोधा.

फोनवरच तीन गोष्टी विचारा. असे रुग्ण पूर्वी पाहिलेत का, कोणत्या पद्धतीनं काम करता, आणि वजनाबद्दल तुमचं धोरण काय. 'सीबीटी-ई', म्हणजे खाण्याच्या आजारांसाठी घडवलेला, विचार आणि सवयी बदलणारा बोलण्याचा उपचार, हे नाव ऐकू आलं तर चांगली खूण समजा. ऑक्सफर्डमध्ये क्रिस्टोफर फेअरबर्न यांनी विकसित केलेल्या या पद्धतीत, वजन फार घटलेलं नसेल तर साधारण २० आठवड्यांत २० सत्रं होतात, आणि सुरुवात नियमित जेवण बसवण्यापासून होते. रुग्ण शाळकरी मुलगा किंवा मुलगी असेल आणि खाणंच सोडलं असेल, तर कुटुंबाला सोबत घेणारा उपचार बघा. त्यात सुरुवातीला ताटाची जबाबदारी आईवडील घेतात. "दाराबाहेर बसा, मी तिच्याशीच बोलते" एवढंच म्हणणारी व्यक्ती अशा वेळी अपुरी पडते.

मला निवड करायची झाली तर: प्रौढ माणूस, शरीराला तातडीचा धोका नाही, चोरून खाणं आणि अपराधीपणा आहे, तर आधी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. मन फार खचलं असेल तर जोडीला सायकिअॅट्रिस्ट. डाएटिशियन या दोघांच्या सल्ल्यानं, नंतर.

सरकारी की खासगी, समोरासमोर की ऑनलाइन

ससून या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात केसपेपर नाममात्र पैशांत निघतो आणि एकाच आवारात फिजिशियनही भेटतो. येरवड्याच्या मनोरुग्णालयातही ओपीडी आहे. 'याला येरवड्याला पाठवा' ही पुणेरी थट्टा ऐकत वाढलेल्या माणसाला त्या फाटकातून आत जाणं किती जड जातं, याची मला कल्पना आहे. तरी ओपीडीत दाखवणं म्हणजे भरती होणं नव्हे. अडचण वेगळीच आहे: रांग असते, आणि दर वेळी तेच डॉक्टर भेटतील याची खात्री नसते. खासगीत तोच माणूस दर आठवड्याला पाऊणएक तास मिळतो. फी एकदा विचारून तिला २० नं गुणा आणि मगच सुरू करा, कारण पैशांअभावी सहाव्या सत्राला सोडलेला उपचार फार निराश करतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार विमा कंपन्यांना मानसिक आजारही शारीरिक आजारांच्या बरोबरीनं धरावा लागतो. पण ओपीडीचा खर्च बहुतेक पॉलिसींत नसतोच, सत्रांचे पैसे खिशातूनच जातात.

हिंजवडीहून संध्याकाळी डेक्कनला पोचायचं तर जीव मेटाकुटीला येतो, तेव्हा ऑनलाइन सत्रं सोयीची आहेत. पण वजन घटत असेल तर समोरासमोरच जा. पडद्यावर फक्त चेहरा दिसतो, सैल कुडत्याखाली काय झालंय ते दिसत नाही. शिवाय तिघींच्या खोलीत इअरफोन लावून घरच्यांबद्दल मोकळं बोलता येत नाही. गच्ची तरी हवी.

तीन-चार सत्रांनंतरही समोरच्यापुढे खरं बोलावंसं वाटत नसेल तर माणूस बदला, उपचार सोडू नका. अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यातली असेल आणि आजची रात्र काढणं अवघड होत असेल, तर टेलि-मानस १४४१६ वर फोन करा. ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास सुरू असते आणि मराठीत बोलता येतं.