रीफ टँकच्या नादात गेलेले १,५०,३०० रुपये

एक लाख पन्नास हजार तीनशे. आकडा अक्षरी लिहितोय, कारण हाच आकडा मी घरी दोन महिने लपवला. मी बोलत नाही हे मला रीफ टँक (खाऱ्या पाण्यातल्या कोरलची, म्हणजे प्रवाळांची टाकी) विकणाऱ्या दुकानदारानं ओळखलं होतं आणि त्याच जोरावर तो पुढचे पैसे काढत गेला.

मी ठाण्यात राहतो. सहा वर्षं माझ्याकडे तीन फुटी प्लँटेड टँक (गोड्या पाण्यातल्या पाणवनस्पतींचा) होता, साधारण १९० लिटरचा. म्हणजे मी नवशिका नाही, हे आधीच सांगतो, कारण 'अभ्यास न करता उडी मारलीस' हे वाक्य मी पुरेसं ऐकलंय. दर रविवारी ४० टक्के पाणी बदलायचो, रोटालाची रोपं छाटायचो, खत मोजून टाकायचो, रोपांना लागणाऱ्या सीओटूचा (कार्बन डायऑक्साइडचा) सिलिंडर संपला की भरून आणायचो. लाइट सात तास, टायमरवर. एकदा दहा दिवस गावी गेलो तर परत येईपर्यंत काचेवर थोडं शेवाळ धरलं होतं, बस. अनुबियाजचं एक पान गेलं नव्हतं.

रोपं मी दीड वर्ष याच माणसाकडून घेत होतो. एकदाही खोटा निघाला नाही. यांची रीत तुम्हाला ठाऊकच आहे, आधी छोट्या व्यवहारात विश्वास बसवायचा. फेब्रुवारीत म्हणाला, "दादा, किती दिवस पानं कापत बसणार? रीफमध्ये छाटणी नाही, सिलिंडर नाही, खत नाही. मीठ घालायचं आणि बघत बसायचं. बाकी आमचा माणूस दर आठवड्याला येईल." मुलगी शेजारी उभी होती, त्याच्या मोबाइलवरचे क्लाउनफिश बघत. तिथेच मी विरघळलो.

हिशेब असा. चार फुटी टँक, स्टँड, संप (खालची फिल्टरची टाकी) आणि स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) ६४,०००. चिलर (पाणी थंड ठेवणारं यंत्र) ३८,५००. लाइव्ह रॉक (उपयोगी जिवाणू असलेला समुद्री दगड) २२ किलो, ६५० रुपयांनी, १४,३००. कोरल, ॲनिमोन (फुलासारखा दिसणारा समुद्री जीव) आणि मासे २७,५००. वर्षभराच्या देखभालीचे आगाऊ २४,०००. यातून माझ्या जुन्या सामानाचे १८,००० वजा केले. त्या सामानात १६,५०० चा लाइट, ११,८०० चा सीओटू सेट आणि १४,००० चा कॅनिस्टर फिल्टर होता. बिल मागितलं तर म्हणाला, "सगळं एकत्र देतो, चिलर आला की." वर्षाची देखभाल आगाऊ कुणालाही देऊ नका. महिन्याचे पैसे महिन्याला, काम बघून.

चिलर आलाच नाही. 'न्हावाशेवाला कस्टममध्ये अडकलाय' हे सहा वेळा ऐकलं. तोवर दोन पंखे लावून दिले. एप्रिलमध्ये पाणी ३१ अंशांवर गेलं. रीफला २५-२६ हवं. प्लँटेडवाले आपण ३० अंशही कसेबसे निभावतो, कोरल नाही निभावत. पंख्यांनी उलट पाणी जास्त उडायचं, रोज तीन-चार लिटर. ते भरून काढायला त्याचा माणूस खारं पाणी ओतायचा. उडतं ते फक्त पाणी, मीठ टँकमध्येच राहतं, म्हणून भर नेहमी गोड्या पाण्याची घालतात. हे मला वाचून कळेपर्यंत घनता १.०२५ वरून १.०३१ वर गेली होती. आणि गोडं पाणी म्हणजे नळाचं नव्हे, घरच्या आरओचंही नव्हे. शून्य टीडीएसचं, म्हणजे विरघळलेले क्षार अजिबात नसलेलं. प्लँटेडला मी सहा वर्षं नळाचं पाणी त्यातलं क्लोरिन काढून वापरलं होतं. देखभालीतला एवढा फरक त्यानं एका शब्दानं सांगितला नाही.

पण ज्या क्षणी मला कळायला हवं होतं, तो क्षण मिठाचा. अजून रात्री आठवतो.

दुसऱ्या वॉटर चेंजला त्याचा माणूस लेबल नसलेल्या पांढऱ्या गोणीतून मीठ घेऊन आला. म्हणे इम्पोर्टेड आहे, मोठी बादली फोडून सुटं आणतो, तुम्हाला स्वस्त पडतं. मी मूठभर हातात घेतलं. खडे. टोकदार, करडी झाक असलेले खडे. माझं आजोळ उरणचं आहे. मे महिन्यात मिठागराच्या बांधावरून मी चाललोय, मिठाच्या राशी उन्हात चमकताना बघितल्यात, त्याच मिठानं कैरी खाल्लीय. रीफचं मीठ बारीक भुकटीसारखं असतं, ढवळलं की विरघळतं. हे अर्धा तास बादलीच्या तळाशी बसून होतं आणि विरघळल्यावर खाली गाळ राहिला. माझ्या हातानं ते मीठ ओळखलं होतं. तरी मी तोंड उघडलं नाही. सगळे पैसे देऊन झाले होते. आता भांडलो तर चिलर बुडेल, असं वाटलं.

रिफ्रॅक्टोमीटर तेव्हा अजून १.०२५ दाखवायचा, म्हणून मी स्वतःची समजूत घातली. तो फक्त खारटपणा मोजतो, त्यात काय आहे ते सांगत नाही. मिठागरात पाणी आटताना कॅल्शियम मिठाच्या आधीच जिप्सम होऊन खाली बसतं आणि मॅग्नेशियम शेवटच्या कडू पाण्यात राहून जातं. उरतं ते जेवणातलं मीठ. मे महिन्यात ओळखीच्या एकाकडून पाणी तपासून घेतलं तेव्हा कॅल्शियम १८० निघालं, हवं ४२० च्या आसपास. मॅग्नेशियम ५१०, हवं १,३००. अल्कलिनिटी (पाण्याचा सामू स्थिर ठेवण्याची क्षमता) ३.४, हवी आठ-नऊ. हे टेस्ट किट प्लँटेडवाल्याच्या कपाटात नसतातच, मी कुठून तपासणार होतो? त्याचा माणूस मात्र दर आठवड्याला कागदावर ४२० लिहून जायचा. दर आठवड्याला ४२०. जिवंत टँकचा आकडा इतका स्थिर राहत नाही. तपासणी तुमच्या डोळ्यांदेखत, तुमच्या किटवर करायला लावा.

जांभळा ॲनिमोन ज्या पिशवीतून आला तिचं पाणीही जांभळट होतं. रंग दिलेला होता. तीन आठवड्यांत गेला. कोरल एकेक करून पांढरे पडले. मासे सातातले दोन उरले, ते मी जाणत्या माणसाला देऊन टाकले. २६ मेपासून त्याचा फोन बंद, दुकानाला कुलूप.

आता सरकारी दारं. पोलीस ठाण्यात पहिल्यांदा ऐकलं, "माशांची तक्रार इथे होत नाही." दुसऱ्यांदा, दुकान मुंबईच्या हद्दीत आहे, तिकडे जा. तिकडे गेलो तर व्यवहार तुमच्या घरी झालाय, ठाण्यात जा. हद्द कुठलीही असो, गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यायची, हे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. कागद छापून नेला. साहेबांनी तो वाचलाही नाही. "दिवाणी बाब आहे," म्हणाले. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन केला, तिथे सांगितलं की माणूस ओळखून स्वतः पैसे पाठवलेत, हा सायबर गुन्हा नाही. मी तीन रजा घालवल्या. ज्यानं फसवलं त्याला एक फोनसुद्धा कुणी केला नाही.

वनविभागात तर मलाच घाम फुटला. दगडी सांगाड्याचे कोरल २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या रांगेत. कोस्टल रोडच्या वेळी हाजीअली-वरळीचे कोरल हलवायला सरकारी यंत्रणेलाही परवानगी काढावी लागली होती. हे मी पेपरात वाचलं होतं आणि तरी घरात आणलेल्या कोरलशी जोडलं नाही. मी कागद मागितले होते, 'आयातीचे पेपर चिलरबरोबर देतो' हा त्याचा मेसेज माझ्याकडे आहे. तिथले गृहस्थ म्हणाले, "लिहून दिलंत तर आधी तुमच्यावरच लागेल. घरी जा." हे विक्रेते नेमके याच भीतीवर जगतात. मी तरी लिहून दिलं. अजून पोच मिळालेली नाही. कागद हातात आल्याशिवाय कोरल घरात घेऊ नका, 'मागवलेत' यावर तर अजिबात नको.

ग्राहक आयोगात मात्र तक्रार दाखल झाली. पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ वर, माहिती नीट मिळाली, तेवढं एकच दार उघडं सापडलं. नोटीस 'पत्ता सोडून गेला' असा शेरा मारून परत आलीय. प्लँटेड टँक बदलून रीफ देतो, वर्षाची देखभाल आगाऊ, चिलर नंतर, असा सौदा ठाणे-मुलुंड पट्ट्यात आणखी कुणाशी झाला असेल तर यूपीआयच्या पावत्या आणि मेसेज पुसू नका. आपण एकत्र तक्रार देऊ. मी एकटा गेलो की ते माशांची तक्रार म्हणतात.