ॲलर्जी का दमा, अखेर नीट समजावून सांगणारं क्लिनिक

मुलगी 9 वर्षांची. दोन वर्षं सगळीकडे एकच ऐकत होतो, ॲलर्जी आहे, गोळी द्या. गोळीने नाक थांबायचं, शिंका थांबायच्या पण पहाटे तीनचा खोकला काही जायचा नाही, उठून बसायची बिचारी आणि छातीतून बारीक शिट्टीसारखा आवाज यायचा. शेवटी ओळखीतल्या एकीने या छातीच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

आधी तक्रार सांगते. अपॉइंटमेंट 11 ची, नंबर लागला पाऊणला. आणि ॲलर्जीची स्किन टेस्ट करायची तर सर्दीची गोळी काही दिवस आधीपासून बंद ठेवावी लागते नाहीतर रिझल्ट नीट येत नाही, हे फोनवर कुणी सांगितलंच नाही, त्यामुळे शाळा बुडवून परत एक चक्कर. प्लीज हे फोनवरच सांगत जा.

पण पहिल्या दिवशी फुंकायची टेस्ट झाली, स्पायरोमेट्री. स्क्रीनवर मेणबत्त्या होत्या त्या फुंकून विझवायच्या, त्यामुळे पोरीने मजेत केली. मग पंपाचे पफ देऊन 15 मिनिटं बसवलं आणि परत फुंकायला लावलं. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा आधी 1.20 लिटर होती ती 1.42 झाली. डॉक्टर म्हणाले 12 टक्क्यांच्या वर फरक पडला म्हणजे नळ्या आवळलेल्या होत्या आणि औषधाने मोकळ्या झाल्या, शिवाय लक्षणंही तशीच, हा दमा आहे. ऐकून माझ्या पोटात गोळा आला, खरं सांगते.

मग त्यांनी कागदावर चित्र काढून जे सांगितलं ना ते आजवर कुणीच सांगितलं नव्हतं. ॲलर्जीत शरीर धुळीसारख्या साध्या गोष्टीवर उगाच तुटून पडतं, हिस्टामिन नावाचं रसायन सुटतं, म्हणून शिंका, डोळ्यांना खाज, अंगावर गांधी. दम्यात श्वासनळ्या आतून सुजलेल्या असतात, बाहेरचे स्नायू आवळतात, चिकट कफ साठतो, म्हणून घरघर आणि रात्रीचा खोकला. ॲलर्जीवाल्या सगळ्यांना दमा नसतो आणि प्रत्येक दमा ॲलर्जीचा नसतो, साधी सर्दी, थंड हवा, धूर, पळापळ यानेही उठतो. पण मुलांमध्ये दोन्ही बऱ्याचदा जोडीनेच असतात, आणि सर्दीच्या गोळीने नळ्या उघडत नाहीत. दोन वर्षं आम्ही तीच देत होतो!

दुसऱ्या खेपेला स्किन टेस्ट. सिस्टरने हातावर पेनाने नंबर टाकले, प्रत्येकापाशी एक थेंब आणि त्यावर हलकीशी टोच, रक्त नाही काही नाही. वीसेक मिनिटांत धुळीतल्या माइट्सच्या (डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे) नंबरवर डास चावल्यासारखी गांध उठली, झुरळाच्या नंबरवर थोडी छोटी. बाकी साफ. म्हणजे आम्ही दूध, दही, केळी उगाच बंद केलं होतं, परत सुरू केलं.

सासूबाईंचं म्हणणं पंपाची सवय लागते. डॉक्टरांनी त्यांनाही न चिडता सांगितलं, आई, हे औषध मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि थेट छातीत जातं, सवय लागत नाही. रोजचा पंप सूज कमी करतो, दुसरा फक्त दम लागला तर. स्पेसर (पंपाला जोडायचं पोकळ नळकांडं) लावून कसा घ्यायचा ते तिच्याकडून तीनदा करून घेतलं, घेतल्यावर चूळ भरायची हेही. आम्ही आधी नुसता तोंडात मारत होतो, निम्मं औषध घशातच.

घरी आता चादरी-अभ्रे दर आठवड्याला कडकडीत गरम पाण्यात, गादीला झिपचं कव्हर, पलंगाखालची जुनी बोचकी काढली. आज सहा आठवडे झाले, पहाटे फक्त दोनदा उठली. पुढच्या महिन्यात परत फुंकायचंय, तो आकडा इथेच टाकीन. 4 स्टार, एक त्या फोनसाठी कापला.