पायांना मुंग्या, शुगर वाढलेली: ताट बदलायचं की कॅप्सूल सुरू करायची?

तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए१सी) साडेआठ, रात्री पाठ टेकली की तळपायांची आग, आणि मेडिकलवाल्याने काउंटरवर काढून ठेवलेली ‘नसांची कॅप्सूल’. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीनुसार देशात दहा कोटींहून जास्त मधुमेही आहेत, त्यामुळे मुंबईतही कितीतरी घरांत आज हाच प्रश्न पडलेला असणार. पैसे आणि मेहनत दोन्ही मोजकी. ती जेवणावर लावायची की सप्लिमेंटवर?

माझं मत आधीच सांगते. या एका प्रश्नात तीन प्रश्न दडलेले आहेत. नसांचं होणारं नुकसान थांबवणं हा एक, शरीरात एखाद्या जीवनसत्त्वाची कमतरता असेल तर ती भरून काढणं हा दुसरा, आणि आज रात्री झोप लागण्याइतकी वेदना कमी करणं हा तिसरा. तिघांना एकच उत्तर शोधायला गेलो की पैसे जातात आणि पाय तसेच राहतात.

कॅप्सूलच्या आधी एक तपासणी

मधुमेह आहे म्हणजे मुंग्या शुगरमुळेच येत असणार, असं आपण धरून चालतो. पण बी१२ हे जीवनसत्त्व कमी असलं तरी अगदी तशाच मुंग्या येतात, तसाच बधिरपणा येतो. आपल्याकडे हा घोळ जास्त होतो, कारण दोन गोष्टी एकत्र येतात: शाकाहार आणि मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी. मेटफॉर्मिन हे उत्तम औषध आहे, पण वर्षानुवर्षं घेतल्यावर अन्नातलं बी१२ शरीरात कमी शोषलं जातं. ब्रिटनच्या औषध नियामकाने २०२२ मध्ये डॉक्टरांना सांगितलं, की मेटफॉर्मिन घेणाऱ्या रुग्णात कमतरतेची लक्षणं दिसली तर बी१२ तपासा. म्हणून मेटफॉर्मिन आपल्या मनाने बंद करू नका, रक्त तपासून घ्या. साधारणपणे मिलीलिटरमागे २०० पिकोग्रॅमच्या खाली कमतरता धरतात, २०० ते ३०० च्या मध्ये संशय घेतात.

ही तपासणी गोळ्या सुरू करण्याआधीच व्हायला हवी. चार आठवडे मल्टिव्हिटॅमिन घेऊन मग रक्त दिलं तर आकडा चांगला येतो आणि मूळ दुखणं झाकलं जातं. माझ्या आत्याच्या बाबतीत असंच झालं. ती पक्की शाकाहारी, मेटफॉर्मिन जुनं, आणि मुंग्या ‘वयामुळे’ म्हणून सोडून दिलेल्या. शेवटी बी१२ ची इंजेक्शनं सुरू झाली तेव्हा कुठे पाय हलके झाले. नुसत्या पथ्याने ते झालं नसतं, कारण एकदा साठा रिकामा झाला की रोजचं दूध-दही तो भरून काढायला पुरत नाही.

बी१२ सापडलं कमी, तर ते औषध समजूनच घ्यायचं. कमतरता नसेल, तर तीच गोळी नसांसाठी फारसं काही करेल अशी आशा धरू नये.

ताट काय देतं, काय देत नाही

जेवणाच्या बाजूने सर्वांत भक्कम पुरावा शुगरच्या नियंत्रणाचा आहे. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीसीसीटी या मोठ्या अभ्यासात टाइप १ च्या, म्हणजे इन्शुलिनवरच अवलंबून असणाऱ्या, रुग्णांची शुगर इन्शुलिनने काटेकोर ठेवल्यावर नसांच्या त्रासाचं प्रमाण सुमारे ६० टक्क्यांनी कमी दिसलं. टाइप २ मध्ये, म्हणजे आपल्या घरांत दिसतो त्या मधुमेहात, फायदा आहे पण इतका मोठा नाही. तिथे वजन, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलही सोबत सांभाळावं लागतं. वेदनेबद्दल बोलायचं तर अमेरिकेतला २०१५ चा एक छोटा प्रयोग आहे: ३५ माणसं, २० आठवडे, दोन गट, त्यांतल्या एकाला कमी तेलाचा पूर्ण शाकाहार. दुधाचे पदार्थही वर्ज्य, आणि दोन्ही गटांना बी१२ ची गोळी. आहार बदललेल्या गटाचं वजन उतरलं, दुखणंही कमी झालं. पस्तीस माणसांवरून डंका पिटू नये, पण दिशा बरोबर वाटते.

जेवणाची मोठी मर्यादा म्हणजे वेळ. खराब झालेली नस पुन्हा वाढते ती सगळं अनुकूल असताना दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर, आणि पायाच्या नसा शरीरात सर्वांत लांब. आज भात कमी केला म्हणून उद्या आग थांबत नाही.

उलट घाई केली तर त्रास वाढू शकतो, हे फार कमी जणांना माहीत असतं. खूप वाढलेली शुगर इन्शुलिनने, गोळ्यांनी किंवा कडक उपासाने झपाट्याने खाली आणली, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरीत दोन-तीन अंकांपेक्षा जास्त उतरवली, तर काहींना नसांचं तीव्र दुखणं नव्याने सुरू होतं. म्हणून ‘पंधरा दिवसांत शुगर नॉर्मल’ असल्या योजनांपासून लांबच राहा.

आता प्रत्यक्ष ताट. मुंबईकराची अडचण पदार्थांइतकीच घड्याळाचीही आहे. सकाळी लोकल पकडायची म्हणून स्टेशनबाहेर वडापाव: बटाटा, मैदा, तळण, तिन्ही एकाच घासात. रात्री डोंबिवली-बदलापूरला पोचून जेवायला दहा वाजतात, आणि दिवसभराची भूक त्या एका ताटावर तुटून पडते. माझ्या मते सर्वांत जास्त फळ देणारा बदल इथेच आहे. सहा-साडेसहाला ऑफिसात भाजलेले चणे, शेंगदाणे किंवा उकडलेलं अंडं खा, म्हणजे घरी ताट आपोआप लहान होतं. जेवल्यावर सोसायटीच्या आवारात दहा-पंधरा मिनिटं चाला. जेवणानंतरची शुगर या चालण्याने खरोखर खाली येते.

भात सोडायची गरज नाही, क्रम बदला. आधी कोशिंबीर आणि उसळ, मग पोळी किंवा भाकरी, भात शेवटी आणि वाटीभर. पोहे खायचे तर निम्मे करून सोबत मोड आलेली मटकी घ्या. नाचणीबद्दल एक गैरसमज फार पसरलाय. नाचणीची भाकरी उसळीबरोबर ठीक, पण बारीक पिठाची पातळ पेज शुगर झटकन वर नेते, आणि लोक तीच पथ्य म्हणून पितात. मासे खाणाऱ्यांची चैन आहे: बांगडा, तारली यांतून बी१२ ही मिळतं आणि प्रथिनंही. रव्यात तळण्याऐवजी तिखलं किंवा कालवण करा, आणि त्याच्याबरोबर भाताचा डोंगर नको.

उपासाची साबुदाणा खिचडी जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे. त्यातही ग्लिमेपिराइड ही शुगर उतरवणारी गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल तर लांबलेल्या उपासाने शुगर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. चतुर्थी करायचीच असेल तर डॉक्टरांना आधी विचारा.

कॅप्सूलच्या पाठीमागे काय छापलंय

‘नसांच्या’ कॅप्सूलमधला मुख्य घटक बहुधा अल्फा लिपोइक ॲसिड असतो. २००६ च्या एका अभ्यासात दिवसाला ६०० मिलीग्रॅम घेणाऱ्यांची आग आणि टोचणी पाच आठवड्यांत कमी झाली, डोस वाढवल्यावर फायद्यापेक्षा मळमळच वाढली. पण कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २०२४ च्या आढाव्याने सहा महिने किंवा जास्त चाललेले अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा लक्षणांत फरक बहुधा थोडा किंवा नाहीच असं निघालं. शिवाय आपल्याकडच्या अनेक मिश्र कॅप्सूलमध्ये ते १०० मिलीग्रॅमच असतं. म्हणजे अभ्यास ६०० चा आणि आपण घेतो १००. स्ट्रिप उलटी करून वाचा, माझं एवढंच आग्रहाचं सांगणं आहे.

बेनफोटियामिन हा बी१ चा प्रकार. थोड्या आठवड्यांच्या अभ्यासात बरा दिसला, दोन वर्षांच्या अभ्यासात नसांवर परिणाम दिसला नाही.

बी६ कडे मात्र डोळे उघडे ठेवून पाहा. ते जास्त झालं तर स्वतःच नसा बिघडवतं, तेही मुंग्या आणि बधिरपणा आणूनच. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये प्रौढांसाठी दिवसाची वरची मर्यादा २५ वरून १२ मिलीग्रॅमवर आणली. एका कॅप्सूलमध्ये ते थोडं असलं, तरी डॉक्टरांची एक, शेजाऱ्यांनी सुचवलेली दुसरी आणि ‘ताकदीची’ तिसरी अशी बेरीज झाली की मर्यादा ओलांडली जाते.

स्वयंपाकघरातल्या औषधांत मेथीदाणा मला पुढे वाटतो, त्यातल्या विरघळणाऱ्या तंतूंमुळे शुगर थोडी कमी होते. कारल्याचा रस आणि जांभळाच्या बियांची पूड यांचा पुरावा कच्चा. बाजारात बहुतेक दालचिनी कॅसिया जातीची असते, तिच्यातलं कूमारिन रोज चमचा-चमचा गेलं तर यकृताला जड. आणि यांतलं काहीही गोळ्यांसोबत घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

मग कुणी काय निवडायचं?

नुसत्या मुंग्या आहेत, झोप लागते, शुगर वाढलेली आहे: बी१२ तपासा आणि सगळा जोर ताटावर व चालण्यावर लावा. कॅप्सूलचे पैसे वाचवून तीन महिन्यांनी शुगरची तपासणी करा.

बी१२ कमी निघालं: ते पूर्ण भरा, ताट सोबत चालू द्या.

आगीने झोप उडालीय: इथे पथ्य आणि सप्लिमेंट दोन्ही अपुरी पडतात. प्रीगॅबालिन, ड्युलोक्सेटिन, ॲमिट्रिप्टिलिन अशी वेदनेसाठीचीच औषधं आहेत. ती डॉक्टरांनी वय, किडनी आणि चक्कर पाहून ठरवायची असतात, पण घ्यायला लाजू नका. दुखणं सहन केल्याने नसा सुधारत नाहीत, झोप मात्र जाते आणि झोप गेली की शुगरही बिघडते. अल्फा लिपोइक ॲसिड घेऊनच पाहायचं असेल तर ते इथे, डॉक्टरांच्या सल्ल्याने, पुरेशा डोसमध्ये, दोन-तीन महिने. फरक नाही पडला तर बंद.

पाय बधिर झालेत, दुखत नाहीत: सर्वांत जास्त धोका याच माणसाला, कारण त्याला वाटतं की बरं वाटतंय. त्याने अंगारकीला सिद्धिविनायकापर्यंत अनवाणी चालू नये, गरम पाण्यात पाय शेकू नयेत, आणि पावसाळ्यात ओल्या बुटांतून घरी आल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या करून तळवे रोज पाहावेत. तळपायाची संवेदना तपासायला एक साधा नायलॉनचा धागा पुरतो. केईएम, सायन, नायरसारख्या पालिकेच्या रुग्णालयांत किंवा जवळच्या मधुमेहतज्ज्ञाकडे ही तपासणी वर्षातून निदान एकदा करून घ्यावी.

आणि बधिरपणा एकाच पायात अचानक आला, पायातली ताकद गेली, लघवीवरचा ताबा सुटला किंवा तळव्यावर न दुखणारी जखम दिसली, तर ताट, कॅप्सूल सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.