हापूस विकणाऱ्या वेबसाइटसाठी काय बरं: गूगलची जाहिरात की एसईओ?

देवगडच्या बागायतदाराचा हंगाम जेमतेम मार्च ते मे. त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे बहुतेक वेळा फेब्रुवारीच्या शेवटी येतो, आणि तेव्हा जाहिरातीशिवाय इलाज उरलेला नसतो.

जाहिरात दिली की साइट लगेच वर दिसू लागते, हे खरं. पण हिशेब क्लिकवर चालतो. कुणी पेटी न घेता नुसतं डोकावून गेलं तरी पैसे कापले जातात. ऐन हंगामात सगळेच बोली लावतात, मग क्लिक महागतो. बजेट संपलं की दिसणंही संपलं. शिवाय जाहिरातीमुळे खालच्या नेहमीच्या निकालांतला क्रमांक सुधारत नाही. अनेकांचा इथेच गैरसमज असतो.

एसईओ म्हणजे जाहिरात न देता गूगलच्या नेहमीच्या निकालांत वर येण्यासाठी साइटवर केलेलं काम. त्याला महिने लागतात, पण मला तेच जास्त पटतं. गूगलचं सर्च कन्सोल मोफत आहे. लोक काय टाइप करून आले, ते त्यात दिसतं. एका साइटवर ‘हापूस घरी कसा पिकवायचा’ हा शोध सारखा दिसत होता. आम्ही त्यावरच पान लिहिलं: फळं पेंढ्यात कशी मांडायची, देठाजवळ वास कसा घ्यायचा, सोबत बागेतलेच फोटो. पुढच्या हंगामातही त्या पानावरून ऑर्डरी आल्या. विकतच्या बॅकलिंक, म्हणजे दुसऱ्या साइट्सवरून आपल्या साइटकडे येणाऱ्या लिंक, मात्र अजिबात नकोत. गूगलने २०१२ मध्ये निकालांच्या क्रमवारीत पेंग्विन नावाचा बदल केला, तेव्हा अशा लिंक घेणाऱ्या साइट्स धडाधड खाली गेल्या होत्या.

पहिल्या वर्षी दोन महिने बेताची जाहिरात करा. लिखाणाला मात्र पावसाळ्यातच बसा, बागेत काम कमी असतं तेव्हा.