सेव्ह पॉइंट, इन्व्हर्टर आणि जपानी आरपीजी: परभणीतून वापरानंतरचा अनुभव

इन्व्हर्टरच्या बॅटरीनं ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर मान टाकली नसती, तर हा रिव्ह्यू बराच गोड झाला असता. बॅटरी वॉरंटीत होती. दुकानदार म्हणाला, "तुम्ही वेळेवर पाणी टाकलं नाही." मी म्हणालो, डिस्टिल्ड वॉटरचे रिकामे कॅन आणून दाखवू का? "कंपनीचा माणूस येऊन बघेल." तो माणूस कधी येणार हे दुकानदारालाही माहीत नव्हतं. तोवर परभणीची लाइट, डोक्यावर रात्रीचाही तापलेला स्लॅब आणि हातात पीएस फोर या गेमिंग कन्सोलचा कंट्रोलर. त्या काळात माझ्याकडच्या प्रत्येक गेमची जी परीक्षा झाली, ती पुण्या-मुंबईत बसून रिव्ह्यू लिहिणाऱ्यांनी कधी घेतली नसेल.

पीएस फोर सेकंडहँड, डिस्का सेकंडहँड, पीसीचे गेम फक्त सेलमध्ये आणि लॅपटॉप दुकानाच्या हिशेबाचा. माझं कृषी सेवा केंद्र आहे. पेरणीच्या दिवसांत खेळणं बंद, बाकी वर्षभर शटर ओढल्यावर रात्री. गेमच्या किमतीला तासांनी भागायचं, हा माझा नियम. त्या हिशेबात जपानी आरपीजीच्या, म्हणजे पात्रं वाढवत लांबलचक कथा खेळायच्या गेमच्या, जवळपास कुणी येत नाही. पर्सोना ५ रॉयल एकटाच शंभर तासांच्या घरात जातो. टर्न-बेस्ड म्हणजे आळीपाळीनं वार करायची लढाई, एवढं सांगून पुढं जातो. पुढं शेवटासकट सगळं फोडलंय, तेव्हा ज्यांचे गेम बाकी आहेत त्यांनी आपापलं बघावं.

सुरुवात फायनल फँटसी १० पासून, कारण राग त्याच्यावरच जास्त आहे आणि जीवही त्याच्यावरच. मूळ गेम २००१ चा, माझ्याकडं पीएस फोरची रीमास्टर डिस्क. लढाईत उजव्या बाजूला कुणाची पाळी कधी येणार याची यादी दिसते, आणि तुमची पाळी येईपर्यंत घड्याळ थांबलेलं असतं. कुणालाही मध्येच बाहेर काढून दुसरा गडी आत घ्या, पाळी वाया जात नाही. लढाईची रचना म्हणून यापेक्षा स्वच्छ काम मी पाहिलेलं नाही.

पण खरी गंमत ही की लढाई तिथं कथेचंच काम करते. गागाझेत डोंगरावर सेमूर हा खलनायक भेटतो. तो आधी आपल्या माणसाला झोंबी करतो आणि मग त्याच्यावर जिवंत करायचा मंत्र टाकतो. झोंबीवर उलटा परिणाम होऊन माणूस जागीच खलास. तिथं मार खाऊन आपण शिकतो की झोंबी झालं की लगेच होली वॉटर वापरायचं. ही सवय अंगात मुरते न मुरते तोच झानारकंद शहरात युनालेस्का ही मोठी शत्रू येते. तीही झोंबी करते. पण तिच्या तिसऱ्या रूपात आल्या आल्या मेगा डेथ पडतो आणि त्यात वाचतो फक्त तो, जो झोंबी आहे. सगळ्यांना शहाण्यासारखं बरं करून ठेवलेला खेळाडू एका फटक्यात आडवा. ज्या बाईचं म्हणणंच असं की मरणातच दिलासा आहे, तिच्यासमोर अर्धमेलं राहिलेलाच टिकतो. हे कुणी संवादातून समजावत नाही, थेट मारून समजावतात.

आता राग. या लढाईआधी लांबलचक प्रसंग आहे आणि माझ्या डिस्कवर तो पुढं ढकलता येत नाही. हरलात, पुन्हा बघा. लाइट गेली, पुन्हा बघा. आणि लाइट नेमकी तिसऱ्या रूपातच जाते. परत आली की पीएस फोर आधी "नीट बंद केलं नाही" म्हणून आपल्यालाच झापतो, मग स्टोरेज तपासतो, मग मेनू, मग सेव्ह स्फिअर (जिथं खेळ सेव्ह होतो तो गोळा), मग परत तोच प्रसंग. घरात तो सगळ्यांना पाठ झाला. आई देवघरातून विचारायची, "ती पांढऱ्या केसांची बाई परत आली का रे?" गंमत म्हणजे याच गेमच्या पीसी आवृत्तीत प्रसंग गाळायची सोय आहे, ऑटोसेव्ह आहे, खेळाचा वेगही वाढवता येतो. म्हणजे जमत होतं! कन्सोलवाल्यांनाच तेवढी तपश्चर्या का? फक्त या एका कारणासाठी मी त्याचा एक तारा कापलाय आणि तो परत देणार नाही.

तरी शेवट सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. नायिका युना गावोगावच्या देवळांत प्रार्थना करून एऑन, म्हणजे लढाईत बोलावता येणारे अद्भुत जीव, मिळवत जाते. त्यांना आपल्या मनानं नाव देता येतं. मी इक्सिऑनचं नाव सर्जा आणि इफ्रितचं राजा ठेवलं होतं. पूर्ण गेमभर त्यांनी आपल्या वाटचा मार खाल्लेला असतो. शेवटी त्यांना एकेक करून आपणच बोलवायचं आणि आपणच पाडायचं. त्या लढायांत आपला मेलेला गडी आपोआप उठतो, म्हणजे हरण्याची भीती काढूनच टाकलीय. जिंकणार हे ठरलेलं, फक्त हात उचलायचा बाकी. पडद्यावर सर्जाचं नाव आलं आणि मी कंट्रोलर पुतण्याकडं दिला. पोळ्याला बैल सजवणाऱ्या घरात असली नावं ठेवायची नसतात.

पर्सोना ५ रॉयलची गोष्ट वेगळी. मूळ गेम जपानात २०१६ चा, रॉयल २०१९ चा. कथेची सुरुवात जबरदस्त आहे. शाळेतला व्यायामशिक्षक कामोशिदा पोरांना मारतो, पोरींवर नजर ठेवतो, आणि सगळ्यांना माहीत असून सगळे गप्प. असला एखादा माणूस प्रत्येक तालुक्याच्या गावानं पाहिलाय, त्यामुळं टोकियो लांबचं वाटतच नाही. लढाई या चोरांच्या टोळीला शोभेल अशीच: शत्रूची दुखरी नस शोधा, तो पडला की जास्तीची पाळी घ्या, सगळे पडले की बंदुका रोखून घेरा आणि मग भाव करा. पैसे दे, वस्तू दे, नाहीतर आमच्यात ये. चोरीची कथा आणि खंडणीची लढाई, मस्त जुळतं.

पण सेव्ह! त्यापायी याचाही एक तारा कापला होता. चोरी करायला शिरतो त्या राजवाड्यांत सेव्ह फक्त सेफ रूममध्ये. त्यात नायक पडला की खेळ संपला, बाकी तिघं ठणठणीत उभे असले तरी. कुणीतरी शापाचा मंत्र टाकणार, नायक गार, आणि मघापासूनची सगळी मेहनत पाण्यात. वर लाइट आहेच. शिवाय कथा स्वतःलाच फार समजावते. एखादी गोष्ट घडली की आधी तिच्यावर बैठक, मग फोनवर तीच चर्चा, मग रात्री टोळीतलं बोलकं मांजर म्हणणार आज झोप. बायको एकदा म्हणाली, "अहो, त्या मांजराचं ऐका की एखाद्या दिवशी."

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं आणि बॅटरी बदलून मिळाली. दुकानात दोन गिऱ्हाइकांसमोर आवाज चढवावा लागला, तेव्हा कंपनीचा माणूस सापडला. मग पर्सोनाचा उरलेला भाग पंख्याखाली, निवांत खेळला, आणि त्याच्याबद्दलचं मत बदललं. सेफ रूम लांब असणं हा तिथं नुसता छळ नाही. मंत्रांसाठी लागणारा एसपी संपत आलाय, पुढची खोली किती लांब हे माहीत नाही, मागं फिरलो तर कॅलेंडरवरचा एक दिवस वाया जाणार. ही घालमेल नसेल तर ती चोरी राहतच नाही, सहल होते. म्हणून पर्सोनाचा कापलेला तारा परत दिला. युनालेस्काच्या प्रसंगाला मात्र असला कुठलाही बचाव नाही; तिथं धोका लढाईत आहे, बघत बसण्यात काय धोका?

ड्रॅगन क्वेस्ट ११ सुरुवातीला मी बालिश म्हणून बाजूला ठेवला होता. निवडलेला नायक, दुष्ट राजा, ड्रॅगन बॉलवाल्या अकिरा तोरियामाच्या हातचे गोंडस स्लाइम राक्षस. सेव्ह करायचं तर चर्चमध्ये पाद्र्यापुढं, नाहीतर मुक्कामाच्या जागी देवीच्या मूर्तीपुढं. (नवीन भागात शिरलं की ऑटोसेव्ह होतो, त्यामुळं लाइटचं दुखणं इथं निम्मंच.) मत बदललं ते लढाईमुळं, आणि तेही फोनमुळं. सोयाबीनवर अळी दिसली की लोक रात्री दहालाही फोन करतात, "भाऊ, उद्याच्या फवारणीत काय टाकू?" मी शांतपणे औषध सांगतो, मात्रा सांगतो, पाणी किती तेही सांगतो, आणि ड्रॅगन तोपर्यंत समोर डोलत उभा राहतो. ॲक्शन गेमही पॉज होतो, मान्य. पण परत आल्यावर हाताची लय गेलेली असते. इथं लय माझी आहे.

घ्यायचाच तर डेफिनिटिव्ह आवृत्ती घ्या. २०१८ च्या पीएस फोर आवृत्तीत वाद्यवृंदाऐवजी कीबोर्डछाप संगीत आहे आणि तीच धून डोकं उठवते. शिवाय डेफिनिटिव्हचा फुकट डेमोच दहाएक तासांचा आहे आणि त्यातला सेव्ह पुढं पूर्ण गेममध्ये चालतो. फुकटात इतकं कुणी देतं का हो?

कथेवर मात्र एक वाद आहे. दुसऱ्या भागात जग उद्ध्वस्त होतं, नायकाची सोबतीण वेरोनिका गेल्याचं कळतं, आणि या गोंडस गेमनं आपल्याला खरोखर रडवलेलं असतं. श्रेयनामावली संपल्यावर तिसरा भाग उघडतो आणि नायक काळ मागं नेऊन सगळं दुरुस्त करतो. पुतण्या म्हणतो, "वाचली की ती, वाईट काय त्यात?" माझं म्हणणं, माझे अश्रू कुठल्या खात्यात टाकायचे ते सांगा. आमचं यावर अजून एकमत झालेलं नाही.

टेल्स ऑफ अराइज थोडक्यात. २०२१ चा, ॲक्शन लढाई. तीनशे वर्षं गुलामीत राहिलेला डाहना ग्रह आणि त्याच्यावर राज्य करणारा रेना, हा पाया भक्कम आहे आणि पहिला निम्मा गेम त्यावर छान उभाही राहतो. नंतर पात्रं इतकं बोलतात की तोवर मिळवलेलं सगळं पातळ होतं. लढाई दिसायला आतषबाजी, पण मोठे शत्रू मरता मरत नाहीत, आणि माझं मनगट चाळिशीचं आहे. फायनल फँटसी १६ पुण्यात भाच्याच्या पीएस फाइव्हवर बघितला. लढाईची जबाबदारी डेव्हिल मे क्राय ५ वर काम केलेल्या र्योता सुझुकीकडं होती आणि ते दिसतं. पण माझ्यासारख्याला त्यात आरपीजी शोधावी लागते.

याकुझा: लाइक अ ड्रॅगननं ॲक्शन की टर्न-बेस्ड हा सगळा वाद एका फटक्यात मिटवलाय. नायक इचिबान कासुगा दुसऱ्याचा गुन्हा अंगावर घेऊन अठरा वर्षं तुरुंगात काढून येतो, आणि लहानपणापासून ड्रॅगन क्वेस्टचा भक्त असल्यामुळं रस्त्यावरची मारामारी त्याला टर्न-बेस्ड दिसते. संपलं! समोरचा पाळीची वाट बघत का उभा राहतो, याला इतकं गोड उत्तर दुसऱ्या कुणी दिलेलं नाही. योकोहामाच्या रस्त्यावर कुठंही सेव्ह करता येतं, त्यामुळं माझ्या यादीत हा फार वर. बाराव्या प्रकरणातल्या माजिमा-साएजिमा या शत्रूंच्या जोडीपुढं मात्र लेव्हल वाढवून जा, नाहीतर आतापर्यंतचं सगळं हसू जिरतं.

आणि ज्याच्याकडून काहीच अपेक्षा नव्हती, तो निघाला सगळ्यात कामाचा: ट्रेल्स इन द स्काय. २००४ चा जपानी पीसी गेम, इंग्रजीत स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात २०१४ ला आला. दुकानाच्या लॅपटॉपवर चालतो, लाइट गेली तरी लॅपटॉप चालूच राहतो, लढाई सोडली तर जवळपास कुठंही सेव्ह करा. हरलात तर पुन्हा लढताना शत्रू थोडा ढिला करून मिळतो. लढाईत इथंही पाळ्यांची रांग दिसते, पण काही पाळ्यांवर बक्षीस चिकटलेलं असतं, कुठं क्रिटिकल फटका, कुठं उपचार. समोरच्याच्या तोंडचं बक्षीस एस-ब्रेक हा खास वार मारून मध्येच घुसून पळवायचं. फायनल फँटसी १० च्या यादीत शिस्त आहे, इथल्या रांगेत लबाडी, आणि मला लबाडी जास्त आवडली.

कथा हळू आहे, फार हळू. एस्टेल आणि जोशुआ ही मुख्य जोडी गावोगाव फिरून लोकांची किरकोळ कामं करते. पण छोटीशी घटना घडली तरी गावातला प्रत्येक माणूस नवीन काहीतरी बोलतो. मी प्रत्येकाशी बोलत बसलो. आठवडी बाजारात गेल्यावर मी तसाही हेच करतो.

तक्रार एकच. शेवटच्या पाच मिनिटांत कथा अशी काही तोडलीय की दुसरा भाग घेतल्यावाचून झोप येत नाही. म्हणजे पैसे एका गेमचे आणि गोष्ट अर्धी. २०२५ मध्ये याचाच नव्यानं बनवलेला अवतार आलाय. चित्रं देखणी, मोकळ्यावर ॲक्शन आणि मग टर्न-बेस्ड, दोन्ही. तोही पुन्हा पहिलाच भाग. किंमत बघितली आणि पान बंद केलं. जुना दुसरा भाग सेलच्या यादीत टाकून ठेवलाय. सेल पेरणीच्या आत लागला तर ठीक, नाहीतर जोशुआला दिवाळीपर्यंत थांबावं लागेल.