मुलांचा बुक क्लब चालवताना : एकच पुस्तक, भूमिकांचे गट, प्रकट वाचन की आपापले पुस्तक?

आठ ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी बुक क्लब काढायचे ठरले की पहिली चर्चा बहुधा पुस्तकांच्या यादीवर होते. यादी महत्त्वाची असतेच, पण तिच्याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो : प्रत्यक्ष वाचन कुठे होणार, घरी की बैठकीत? गट किती मोठा ठेवायचा, प्रती किती लागतील, चालवणाऱ्या व्यक्तीने नेमके काय करायचे आणि कोणती मुले टिकतील, कोणती गळतील, हे सगळे बऱ्याच अंशी या एका उत्तरावर ठरते. पुढे चार रूढ पद्धतींची तुलना केली आहे आणि प्रत्येकीला एकच कसोटी लावली आहे : पुस्तक न वाचता किंवा अर्धवट वाचून आलेल्या मुलाचे त्या बैठकीत काय होते? असे मूल जवळजवळ प्रत्येक बैठकीत असते. भराभर वाचणारी मुले क्लब नसला तरी वाचणारच असतात. ज्याच्यासाठी हा खटाटोप करायचा, ते मूल बहुधा हेच असते.

सगळ्यांसाठी एकच पुस्तक

ही सर्वांत परिचित पद्धत आहे. एक पुस्तक ठरते, मुले ते तीन-चार आठवड्यांत घरी वाचतात आणि बैठकीत त्यावर बोलतात. हिचे मोठे बळ म्हणजे सगळ्यांच्या हातात एकच मजकूर असतो. एखाद्या मुलाने ‘तो मित्र पहिल्यापासूनच लबाड होता’ असे म्हटले, तर ‘तुला हे कुठे जाणवले, ते पान काढू या’ असे म्हणता येते, आणि मग मत पुस्तकात शोधण्याची सवय लागते. दीर्घ कादंबरीतल्या पात्राचा बदल, शेवट पटला की नाही, सुरुवातीला सहज आलेल्या गोष्टीचा पुढे लागलेला अर्थ, अशा गोष्टींवर खोलवर बोलायचे असेल तर या पद्धतीला तोड नाही.

मात्र आपल्या कसोटीवर ती सर्वांत कमी उतरते. न वाचलेले मूल गप्प बसते, नाहीतर अंदाजाने बोलते आणि मग वाचलेल्या मुलांकडून त्याची दुरुस्ती होते. त्यातच चालवणाऱ्या व्यक्तीला कोणी वाचले आहे हे तपासण्याचा मोह होतो. ‘नायिकेच्या भावाचे नाव काय?’ हा प्रश्न एकदा विचारला गेला की बैठकीची तोंडी परीक्षा होते आणि पुढच्या वेळी दोन मुले कमी येतात. ब्रिटिश लेखक एडन चेंबर्स यांनी मुलांशी पुस्तकांबद्दल बोलण्यासाठी सुचवलेले चार साधे प्रश्न इथे फार उपयोगी पडतात : काय आवडले, काय आवडले नाही, कशाचे कोडे पडले आणि कोणत्या गोष्टी पुन्हा पुन्हा येताना किंवा एकमेकींशी जुळताना दिसल्या. यातला तिसरा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण न कळणे हीच तिथे बोलण्याची पात्रता ठरते. ‘का?’ असा थेट प्रश्न मुलांना अंगावर आल्यासारखा वाटतो, म्हणून त्याऐवजी ‘त्याबद्दल सांग’ असे म्हणावे, हा त्यांचा सल्लाही प्रत्यक्षात खरा ठरतो.

प्रश्न विचारून झाल्यावर थांबणे हे त्याहून अवघड काम आहे. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने 1970च्या दशकात वर्गांचे निरीक्षण केले, तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर सरासरी जेमतेम एक सेकंद वाट पाहत असल्याचे तिला आढळले. हा वेळ तीन सेकंदांपर्यंत नेल्यावर मुलांची उत्तरे लांबली, आपणहून बोलणारी मुले वाढली आणि ‘माहीत नाही’ म्हणणे कमी झाले. हे निरीक्षण विज्ञानाच्या वर्गांतले असले तरी पुस्तकावरच्या गप्पांनाही लागू पडते, आणि घरी वाचून यायच्या पद्धतीत तर विशेषच, कारण आठवड्यापूर्वी वाचलेले आठवायला मुलाला वेळ लागतो.

ही पद्धत निवडायचीच असेल, तर पुस्तक लहान घ्यावे, पहिले प्रकरण बैठकीतच एकत्र वाचावे आणि ‘इथपर्यंतच वाचून या’ असा टप्पा ठरवून द्यावा. टप्पा ठरला की पुढचे वाचून आलेल्या मुलाने शेवट फोडायचा नाही, हा नियमही आपोआप सांगता येतो.

भूमिका वाटून घेतलेले छोटे गट

हार्वे डॅनियल्स या शिकागोच्या शिक्षणतज्ज्ञाने 1994 साली पुस्तकातून मांडल्यावर ही पद्धत अनेक शाळांत पसरली. चार-पाच मुलांचे गट होतात, प्रत्येक गट तीन-चार पुस्तकांतून आपले पुस्तक निवडतो आणि प्रत्येक मूल एक भूमिका घेते : एकाने प्रश्न काढायचे, एकाने वाचलेल्याचा आपल्या आयुष्याशी संबंध जोडायचा, एकाने चित्र काढायचे, एकाने मोठ्याने वाचण्याजोगा उतारा निवडायचा. भूमिका दर वेळी फिरतात.

या पद्धतीच्या बाजूने सर्वांत बिनतोड मुद्दा साध्या गणिताचा आहे. सोळा मुले एका वर्तुळात चाळीस मिनिटे बसली, तर अगदी समान वाटणी झाली तरी प्रत्येकाच्या वाट्याला अडीच मिनिटे येतात, आणि समान वाटणी कधीच होत नाही. तीच मुले चारचारच्या गटांत बसली तर प्रत्येकाला दहा मिनिटे मिळतात. शिवाय प्रश्न मुलेच काढत असल्यामुळे मोठ्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहून उत्तर देण्याची सवय सुटते.

अडचण भूमिकांच्या कागदात आहे. मुले आपापला कागद भरून आणतात, पाळीपाळीने वाचून दाखवतात आणि ‘आता तुझे’ म्हणून पुढे सरकतात. कोणी कोणाच्या बोलण्याला धरून बोलत नाही. स्वतः डॅनियल्स यांनीही पुढे या यांत्रिकपणाबद्दल सावध केले आणि हे कागद तात्पुरत्या आधारापुरतेच ठेवावेत असे सांगितले. माझे मत असे की पहिल्या काही बैठकींत भूमिका जरूर द्याव्यात, कारण नवख्या मुलांना ‘चर्चा करा’ एवढे सांगून भागत नाही. पण मुले एकमेकांना उलट प्रश्न विचारू लागली की कागद बाजूला काढावेत आणि पुस्तकात खुणेच्या चिठ्ठ्या लावून आणण्याएवढीच तयारी ठेवावी. न वाचलेल्या मुलाची अवस्था इथे थोडी बरी असते, कारण चारांत लपता येत नसले तरी विचारता येते. पण त्याच्यामुळे गटाचे काम अडले तर बोल सवंगड्यांकडून लागतो आणि तो मोठ्यांच्या रागावण्यापेक्षा जास्त झोंबतो. चार गटांत एकाच वेळी हजर राहता येत नाही, म्हणून एकट्या व्यक्तीने ही पद्धत निवडताना मुले परस्परांशी कशी वागतात हे आधी ओळखलेले असावे.

बैठकीतच प्रकट वाचन

तिसऱ्या पद्धतीत वाचन घरी होतच नाही. एक व्यक्ती मोठ्याने वाचते, ठरावीक जागी थांबते, मुले बोलतात, पुन्हा वाचन सुरू होते. इथे ‘न वाचून आलेले मूल’ ही कोटीच नाहीशी होते. मागची बैठक चुकलेल्या मुलाला इतर मुले दोन मिनिटांत गोष्ट सांगतात, आणि ते सांगणे हाही उत्तम सराव असतो. एकच प्रत पुरते. अडखळत वाचणारी अनेक मुले ऐकून मात्र कितीतरी अवघड गोष्ट समजू शकतात. त्यांना पहिल्यांदाच आपल्या वाचनाच्या नव्हे तर विचारांच्या पातळीवर बोलण्याची संधी मिळते.

समजा, गोष्टीतली मुलगी धाकट्या भावाच्या हातून फुटलेली बरणी आपणच फोडली असे आईला सांगते. आई काय म्हणते हे पुढच्या ओळीत आहे. वाचणाऱ्याने नेमके तिथेच थांबावे आणि ‘आता तुम्हाला काय वाटते आहे?’ एवढेच विचारावे. कोणीतरी लगेच म्हणते, ‘ती खोटं बोलली.’ दुसरे मूल म्हणते, ‘पण ती स्वतःला वाचवायला नाही बोलली, मग ते खोटं कसं?’ आणि एरवी न बोलणारे एखादे मूल मध्येच म्हणते, ‘भावाला कोणी विचारलंच नाही. त्याला आता सांगताच येणार नाही.’ या तिन्ही उत्तरांत कोणते बरोबर, हे वाचणाऱ्याने सांगू नये; मुलीचे ते वाक्य पुन्हा एकदा वाचावे आणि पुढे जावे. आता आईची ओळ ऐकताना प्रत्येक मुलाचे त्यात काहीतरी गुंतलेले असते. निर्णयाच्या आधी थांबले तर मुले विचार करतात, निर्णयानंतर थांबले तर ती शेरा मारतात. म्हणून थांबण्याच्या जागा आदल्या दिवशी पुस्तक वाचून पेन्सिलीने खुणावून ठेवणे हीच या पद्धतीची खरी तयारी आहे. अर्ध्या तासाच्या वाचनात अशा दोन-तीन जागा पुरतात. प्रत्येक पानावर थांबले की गोष्ट तुटते आणि मुले कंटाळतात, तेही रास्तच आहे.

संवाद साधत वाचण्याला संशोधनाचाही आधार आहे. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी 1988 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पालकांना चित्रपुस्तके वाचताना मोकळे प्रश्न विचारायला आणि मुलाचे बोलणे पुढे वाढवायला शिकवले होते. चार आठवड्यांनंतर त्या मुलांची बोलण्यातली भाषा इतर मुलांच्या पुढे गेल्याचे आढळले. ती मुले दोन-तीन वर्षांची होती, त्यामुळे तोच परिणाम दहा वर्षांच्या मुलांत दिसेल असे यावरून म्हणता येत नाही; पण वाचन ऐकताना मुलाने बोलते राहावे, ही दिशा योग्य असल्याचे मला त्यावरून वाटते.

उणिवाही स्पष्ट आहेत. कादंबरी संपायला महिने लागू शकतात, म्हणून कथा किंवा लघुकादंबरी निवडावी लागते. मजकूर मुलांच्या डोळ्यांसमोर नसल्याने एखाद्या वाक्याच्या रचनेकडे लक्ष वेधायचे असेल तर ते फळ्यावर लिहावे लागते. बारा-तेरा वर्षांच्या काही मुलांना सुरुवातीला हे लहान मुलांचे वाटते. त्यांच्याकडूनच संवाद वाचून घेतले तर हा आक्षेप बहुतेक वेळा मावळतो. वाचणारी व्यक्ती एकसुरी वाचत असेल, तर मात्र ही पद्धत घेऊ नये.

आपापले पुस्तक, एक विषय

इथे प्रत्येक मूल स्वतः निवडलेले पुस्तक आणते. विषय मात्र समान असतो, जसे प्रवास, मैत्री किंवा भीती. आठ आणि तेरा वर्षांची मुले एकत्र बसवण्याची वेळ आलीच तर ही पद्धत सर्वांत सोयीची आहे, आणि निवडीचे स्वातंत्र्य पूर्ण मिळते. अर्धवट वाचलेले मूलही ‘मी इथे सोडले, कारण...’ असे सांगू शकते. पण खरी चर्चा क्वचितच होते. एकेक मूल कथानक सांगत जाते आणि बाकीची आपली पाळी कधी येते याची वाट पाहतात. कथानक सांगायचे नाही, फक्त एक पान वाचून दाखवायचे आणि ते पान का निवडले ते सांगायचे, असा नियम केला तर बैठकीत जीव येतो. मुख्य पद्धत म्हणून मी ही सुचवणार नाही. दोन मोठ्या पुस्तकांच्या मधली एखादी बैठक म्हणून ती छान चालते.

ऑनलाइन घ्यायची असेल तर

पडद्यावर मोठी शांतता कोणालाच सहन होत नाही आणि एका वेळी एकच आवाज ऐकू येतो, म्हणून पाच-सहापेक्षा जास्त मुले एका ऑनलाइन खोलीत (म्हणजे एका व्हिडिओ कॉलमध्ये) ठेवू नयेत. भूमिकांचे गट स्वतंत्र खोल्यांत विभागता येतात, पण प्रत्येक खोलीत एक मोठी व्यक्ती असणे सुरक्षिततेसाठी आवश्यक आहे. लाजरी मुले चॅटमध्ये लिहून बोलतात, हा ऑनलाइनचा खरा फायदा आहे. ते लिहिलेले मोठ्याने वाचून दाखवावे. बैठकीचे ध्वनिचित्रमुद्रण पालकांच्या परवानगीशिवाय करू नये, आणि प्रकट वाचनाचे मुद्रण प्रकाशकाच्या परवानगीशिवाय सर्वांसाठी खुले करू नये.

निवड करताना

चालवणारी व्यक्ती एकच असेल आणि मुलांच्या वाचनाचा वेग फार वेगवेगळा असेल, तर प्रकट वाचनापासून सुरुवात करावी, असे मी निःशंकपणे सांगेन. गट बारा वर्षांपुढचा असेल, मुले आपणहून वाचणारी असतील आणि सोबतीला आणखी एक-दोन मोठी माणसे असतील, तर भूमिकांचे छोटे गट जास्त फळ देतील. एकच पुस्तक घरी वाचण्याची पद्धत मी पहिल्या वर्षी टाळेन किंवा तिला प्रकट वाचनाची जोड देईन : पुस्तकाचा पहिला तृतीयांश भाग बैठकींत वाचायचा आणि गोष्टीने पकड घेतली की उरलेला घरी वाचायला द्यायचा. त्यासाठी मात्र प्रत्येकाला प्रत मिळण्याची सोय आधी करून ठेवावी लागते.

मुलांची काहीच माहिती नसेल, तर पहिल्या बैठकीत एक छोटी कथा वाचून दाखवावी आणि तीन गोष्टी टिपून ठेवाव्यात : कोण बोलले, कोण दुसऱ्याच्या बोलण्याला धरून बोलले आणि बैठक संपल्यावर पुस्तक हातात घेऊन पाहायला कोण आले. दुसऱ्या पाहणीत बरीच नावे असतील तर छोटे गट लवकर जमतील. तिसऱ्या पाहणीत बरीच नावे असतील तर घरी वाचायला देण्याचे धाडस करता येईल. आणि तिन्ही ठिकाणी तीच दोन-तीन नावे असतील, तर आणखी काही बैठका प्रकट वाचनच चालू ठेवावे.