'फ्रायडे'चा साउंडट्रॅक : वर्षभर गाडीत वाजवल्यानंतर

'फ्रायडे' (१९९५) या अमेरिकन सिनेमाचा साउंडट्रॅक तुम्ही पैसे भरून एखाद्या ॲपवर ऐकत असाल, तर आधी दहावं गाणं वाजतंय का ते बघून घ्या. माझ्याकडे ते एके दिवशी राखाडी पडलं, म्हणजे यादीत दिसायचं पण वाजायचं नाही. नववं संपलं की थेट अकरावं. कस्टमर केअरला लिहिलं, तर 'आपल्या प्रदेशात उपलब्ध नाही' असं छापील उत्तर आलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. वर्गणी मात्र पूर्ण कापली जाते. गाणं गेलं म्हणून एक रुपया कमी होत नाही. मी वर्गणी बंद केली आणि जुन्या सीडी विकणाऱ्या एकाकडून अमेरिकन प्रत मागवली, टपालखर्च धरून साडेतीनशे रुपयांत. गाडी जुनी असल्यामुळे डॅशबोर्डातला सीडी प्लेअर शाबूत आहे. तेव्हापासून ही सीडी त्यातून क्वचितच बाहेर निघाली असेल.

तेव्हा माझं भांडण तत्त्वाचं होतं. पैसे घेतले तर माल पूर्ण द्या, एवढंच. दहाव्या गाण्यावर माझं काही प्रेम नव्हतं. मी ऐकत होतो ते आइस क्यूब आणि डॉ. ड्रे या रॅपरांसाठी. सिनेमा सगळ्यांना माहीतच आहे: नोकरी गेलेला क्रेग, उधारीत अडकलेला स्मोकी, लॉस एंजेलिसच्या दक्षिण भागातली एक गल्ली आणि एक शुक्रवार. दिग्दर्शक एफ. गॅरी ग्रेनं तो स्वतःच्या जुन्या वस्तीत जाऊन वीस दिवसांत उरकला. अल्बम सिनेमाच्या आधी दोन आठवडे, ११ एप्रिलला आला आणि बिलबोर्डच्या अल्बम-यादीत थेट पहिल्या क्रमांकापर्यंत गेला.

त्याला वर नेण्यात दुसऱ्या ट्रॅकचा, ड्रेच्या 'कीप देअर हेड्स रिंगिन'चा, वाटा मोठा. गाणं आजही जबरदस्त आहे. पण छोट्या गाडीत त्याचा बेस दाराच्या पॅडवर येतो आणि डावं दार झणझणायला लागतं. बेस कमी केला की दार गप्प बसतं, पण मग पुढची काही गाणी बारीक, पातळ वाटतात. म्हणून दुसऱ्याला बटण डावीकडे, सातव्याला उजवीकडे असं चालू असायचं. शेवटी गॅरेजवाल्यानं पॅडच्या दोन क्लिपा बदलून दिल्या, तेव्हा ते थांबलं. आता बेस मध्यावर ठेवतो आणि बटणाला हात लावत नाही. हा अल्बम ऐकायचा असेल तर हीच सेटिंग ठेवा.

बटणाला हात लावायचं थांबलं आणि माझं मत बदललं. सात ते दहा ही चार गाणी मी भरतीची समजत होतो. रॅपवाले संपले, आता जुन्या सोल-फंकवाल्यांची (रॅपच्या आधीचं काळ्या अमेरिकनांचं संगीत) चार गाणी टाकून सीडी भरली, असं वाटायचं. पण कोण आहेत ते बघा. सातवं आयस्ली ब्रदर्सचं. आइस क्यूबचं सर्वात लाडकं गाणं, 'इट वॉज अ गुड डे', उभं आहे ते याच आयस्लींच्या १९७७ च्या 'फूटस्टेप्स इन द डार्क'मधून उचललेल्या तुकड्यावर. आठव्यात बूट्सी कॉलिन्स आणि बर्नी वॉरेल, म्हणजे पार्लमेंट-फंकाडेलिक या फंक गटाचा बेस आणि कीबोर्ड. ड्रेनं १९९२ मध्ये 'द क्रॉनिक' हा अल्बम उभारला तो याच घराण्याच्या आवाजावर. नववं रिक जेम्सचं, १९७८ चं. त्याच्याच 'सुपर फ्रीक'चा तुकडा उचलून रॅपर एमसी हॅमरनं जग नाचवलं. पहिल्या सहा गाण्यांतली पोरं ज्यांच्या ओसरीवर वाढली, ती थोरली माणसं मध्ये बसवली आहेत. ड्रेच्या गाण्यातलं 'रिंग डिंग डाँग'सुद्धा १९७९ च्या 'द सीक्वेन्स' या तीन मुलींच्या रॅप गटाकडून आलेलं. त्यातली एक पुढे अँजी स्टोन म्हणून सोलमध्ये मोठी झाली.

आता दहावं. 'आय वॉना गेट नेक्स्ट टू यू', रोझ रॉइस या गटाचं. खुर्चीत बसून एक माणूस एका मुलीची वाट बघतोय, तिनं आपल्याकडे बघावं म्हणून. बस, एवढंच गाणं. गटाची मुख्य गायिका ग्वेन डिकी, पण इथे पुढे पुरुषाचा आवाज आहे. मऊ आहे, पण कुठेही रडका नाही. मागून बाकीचे गट करून साथ देतात आणि त्यांच्याही मागे तंतुवाद्यं हळूच चढत जातात. नव्या ऐकणाऱ्याला पहिल्यांदा फक्त गोड लागेल. रोज येता-जाता ऐकलं की कळतं, तो आर्जव करतोय पण हात पसरत नाही. अंगणाच्या पायरीवर दिवसभर बसून गल्ली न्याहाळणाऱ्या दोन पोरांच्या सिनेमाला याहून योग्य गाणं मला तरी सुचत नाही.

सीडीच्या पुस्तिकेतली बारीक अक्षरं वाचून मी शोधत गेलो, तर हे गाणं आधीच एका विनोदी सिनेमातलं निघालं: 'कार वॉश', १९७६. तोही लॉस एंजेलिसमधला, तोही एकाच दिवसाचा, काम कमी आणि गप्पा जास्त असलेला. दिग्दर्शक मायकल शुल्ट्झच्या आग्रहानं संगीतकार नॉर्मन व्हिटफील्डनं गाणी शूटिंगच्या आधी तयार केली, म्हणजे नट ती ऐकत, त्यांच्यावर हलत-डुलत काम करतील. त्या अल्बमला ग्रॅमी मिळालं. एकोणीस वर्षांनी 'फ्रायडे'वाल्यांनी त्यातलंच एक गाणं उचलून आपल्या मधोमध ठेवलं. ॲपवर राखाडी पडलेलं गाणं हे होतं! ते काढलं तर मधला सांधाच निखळतो.

व्हिटफील्ड इथे संपत नाही. शेवटचं, पंधरावं गाणं 'आय हर्ड इट थ्रू द ग्रेपवाइन', त्यानं बॅरेट स्ट्राँगबरोबर लिहिलेलं. मार्विन गेचं सगळ्यांनी ऐकलेलं असतं. इथे आहे रॉजर ट्राउटमनचं, १९८१ चं. कीबोर्डचा आवाज नळीतून तोंडात सोडायचा, ओठांनी त्याला शब्दाचा आकार द्यायचा आणि समोरच्या माइकनं तो टिपायचा, हे टॉकबॉक्सचं तंत्र. रॅपर टुपाकच्या 'कॅलिफोर्निया लव्ह'मध्ये जो यंत्रासारखा गाणारा आवाज आहे तो याच माणसाचा, तोही १९९५ चाच. धोका खाल्लेल्या माणसाचं गाणं यंत्राच्या गळ्यातून इतकं दुखरं कसं लागतं, हे मला अजून उलगडलेलं नाही.

अकरा ते चौदा मला जमत नाहीत. त्यातलं 'कोस्ट टू कोस्ट' चालेल, टू लाइव्ह क्रूचं तर मी दरवेळी ओलांडतो. पहिली सहाही शिव्यांनी भरलेली आहेत, कव्हरवर तसा इशारा आहे आणि तो खरा आहे. घरचे गाडीत असतील तर सरळ सातव्यावर जा. आमच्या बाबांना इंग्रजी गाण्यांचं काही नाही, पण दहाव्याला त्यांनी स्वतःहून आवाज वाढवायला सांगितला आणि 'याला बसायला लाव परत' म्हणाले, म्हणजे पुन्हा वाजव. तेव्हा मला फार बरं वाटलं.

घ्यायची तर जुनी सीडीच घ्या, साडेतीनशेपर्यंत द्यायला हरकत नाही. पुस्तिका आहे ना, ते विचारा. माझ्या प्रतीत होती म्हणून 'कार वॉश'पर्यंत पोहोचलो. ॲपवरच ऐकायचं असेल तर पुढच्या महिन्याचे पैसे भरण्याआधी पंधराच्या पंधरा गाणी वाजवून बघा, आणि एकही राखाडी दिसलं तर भरू नका.